ह्यांचा व्हिसा बरोबर आला

२३ जानेवारी २०२५, गुरुवार

त्या दिवशी पाणी साडेपाचला आलं. मी पिंप भरलं, दोन कळश्या भरल्या. हंडा राहिला, कारण मध्येच शेजारच्यांचा पाइप लागला. चहा टाकला. ह्यांना अर्धा कप, बिनसाखरेचा. हे पेपर वाचत बसले होते. वाचत कसले, चष्मा शोधत होते आणि तो कपाळावर होता. मी म्हटलं, कपाळावर बघा. हसले. मग मी भाकऱ्यांना बसले. तिसरी तव्यावर होती तेव्हा म्हणाले — जरा पडतो. पडले. मी चौथी थापली, पाचवी थापली. सहावी झाल्यावर हाक मारली — ताट वाढू का?

एवढंच. ९ जानेवारी. मी ती सकाळ रोज पुन्हा उगाळते, कुठे काही चुकलं का बघते. हंडा भरायचा राहिला, तेवढंच सापडतं.

ही डायरी ह्यांची. पतपेढीने दिली होती. पहिल्या पानावर नाव घालून ठेवलंय, पुढे सगळी कोरी. फक्त १४ फेब्रुवारीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय — 'विमान. सकाळी ८. स्वेटर हातात ठेवणे.' कोरी पानं फुकट जायला नकोत म्हणून लिहिते. ९ जानेवारीचं पान मात्र तसंच सोडलंय.

काल पासपोर्ट आले. कुरिअरवाला म्हणाला, जयवंत कासले आहेत का? मी म्हटलं, सही मी करते. चौदावा दिवस. दोघांचे एकाच पाकिटात. ह्यांचा उघडला. वर्षभराचा व्हिसा! लेकीकडे, मनवाकडे जाण्यासाठी, वर्षभर राहण्यासाठी. नाव बरोबर, तारीख बरोबर, फोटो तोच. लालबागच्या फोटोवाल्याने काढलेला. तो म्हणाला होता, काका हसू नका, हसलेला चालत नाही. तोच मोठा करून आता भिंतीवर आहे, हार घालून. त्यात हे हसत नाहीत. दुसरा अलीकडचा फोटोच नव्हता.

चार वेळा वाचला. मी चौथीपर्यंत शिकले. सासूबाईंची खानावळ होती, गिरणीतली पंधरा माणसं जेवायला. वाण्याकडची पुडी सोडली की कागद मी चुलीपुढे वाचून काढायची. अर्धी बातमी, अर्धी गोष्ट, शेवट कधी मिळायचा नाही. इंग्रजी अक्षरं मनवाबरोबर तिच्या पहिलीच्या पुस्तकातून लावली. आता अक्षर लावून लावून वाचते, पण वाचते.

माझा पासपोर्ट मी उघडलाच नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

वैशाली आली होती. समोरच्या खोलीतली. हिंदमाताला साडीच्या दुकानात असते, जीभ कात्रीसारखी. म्हणाली, काकी, तुमचा बघू. उघडला आणि तोंडावर हात ठेवला.

— काकी, तुम्ही बाप्या झालात!

बघते तर काय, व्हिसावर नाव माझं, फोटो माझा, पण जन्मतारीख १ जून १९५५. आणि खाली पुरुषाचं अक्षर.

१९५५ ची तारीख ह्यांची. माझी १ जून १९६२. दोघांचीही एक जूनच. खरी तारीख कोणाला ठाऊक! ह्यांच्या गावच्या शाळेत गुरुजींनी आख्खी रांग एक जूनला जन्माला घातली होती, शाळेत बसायला वय पुरावं म्हणून. माझ्या शाळेतही तेच. लग्नानंतर कळलं तेव्हा हे म्हणाले होते, आपली पत्रिका गुरुजींनीच जुळवली की!

वैशाली म्हणाली — एका फाईलीत दोन एक जून. टाइप करणाऱ्याने वरचंच खाली उतरवलं असणार. त्याला काय माहीत, अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय ते.

मी हसले. नऊ तारखेनंतर पहिल्यांदा. मग वैशाली म्हणाली, असंच गेलात तर विमानतळावरून परत पाठवतील. हसू गेलं.

मनवाला काही बोलले नाही. ती तिकडे पलंगावर आहे. सहा वर्षांत दोनदा बाळ गेलं. आता सातवा महिना चालू आहे आणि डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलंय. म्हणून तर बापाच्या शेवटालाही येता आलं नाही तिला. फोनवर बघितलं. फोन वैशालीने धरला होता. मनवाचा नुसता श्वास ऐकू येत होता. जावई पुष्कर सकाळी सातला कामावर जातो तो सहाला येतो. दिवसभर ती एकटी. मला तिथे जायचं आहे. दुसरं काही नाही.

२७ जानेवारी, सोमवार

व्हिसाच्या ऑफिसात जाऊन आले. डिलाईल रोडवरून चालतच गेले. ह्यांच्या गिरणीच्या जागेवरच ते उभं आहे. डिसेंबरात आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा हे गेटपाशी थांबून जमीन निरखत होते. म्हणाले, लिफ्ट आहे ना, तिथे आमचं साचाखातं होतं, मागांचं. चोवीस साच्यांचा आवाज, आणि आता बघ, बोलतात पण हळू! आत बोटांचे ठसे घेताना ह्यांचे उमटेनात. सुताने बोटं गुळगुळीत झालेली. माझेही उमटेनात, भाकऱ्यांनी. मुलीने ओल्या कागदाने चार-चार वेळा पुसून घेतले.

आज तीच मुलगी होती. छातीवर नाव — श्रेया. चूक बघितली, सॉरी म्हणाली. चांगली आहे.

— मॅडम, दुरुस्ती होईल. दहा दिवस धरा. पण फाईल एकच आहे ना, दोन्ही पासपोर्ट जमा करावे लागतील. सरांना पण घेऊन या.

सर! ह्यांना जन्मात कोणी सर म्हटलं नव्हतं. गिरणीत बदली कामगार, मग संपानंतर सोसायटीचे वॉचमन. ए मामा, नाहीतर ए वॉचमन.

ह्यांचा पासपोर्ट माझ्या पिशवीतच होता. मृत्यूचा दाखला पण होता. म्हटलं — बरं. आणि उठून आले.

२८ जानेवारी

का उठून आले?

२९ जानेवारी, बुधवार

वैशालीने दुकानातून फोन करून विचारून घेतलं. म्हणाली — काकी, सोप्पं आहे. मृत्यूचा दाखला द्यायचा. काकांच्या व्हिसावर रद्दचा शिक्का मारतील, तुमचा नवा करून देतील. द्या ना देऊन.

सोप्पं आहे. रेशनकार्डावर नाव कमी केलं, बँकेत कमी केलं, गिरणी कामगारांच्या यादीत वारस म्हणून माझं लावलं. 'नाव कमी करणे' असंच म्हणतात. खिडकीवरचा माणूस ओरडून विचारतो, कोणाचं कमी करायचंय? सगळीकडे गेले, रडले नाही. पण हा एकच कागद असा आहे की ज्यात ह्यांना अजून कुठेतरी जायचं आहे. पुढच्या जानेवारीपर्यंत मुदत आहे. त्यांच्या फोटोवर शिक्का मारायला मी स्वतः नेऊन देऊ?

कोणाला सांगितलं तर वेडी म्हणतील. म्हणून इथे लिहिते.

३१ जानेवारी, शुक्रवार

अप्पा आले होते. ह्यांच्याच साच्यावरचे जोडीदार, तळमजल्यावर राहतात. चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायले नाहीत.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना तेव्हा अप्पांनीच हात जोडून सांगितलं होतं — जयवंता, वयनी मनवाकडे जातली. मी सोडून येतलंय विमानाक. शिव आता. आणि शिवला, म्हणतात. मी तिथे नव्हते. कावळ्याला भूक लागली असेल असं मी धरते. पण शब्द तर दिला गेलाय.

आज म्हणाले — वयनी, चौदा तारीख जवळ इली. पासपोर्टाचा काय झाला?

मी म्हटलं, ऑफिसवाले उशीर लावतात.

पहिलं खोटं.

२ फेब्रुवारी, रविवार

मनवाचा फोन. आठवा लागला. पाय सुजलेत. खिडकीबाहेर बर्फ दाखवला. म्हणाली, बाबा आले असते तर बर्फाला हात लावून म्हणाले असते, कोणतं सूत आहे हे?

— आई, व्हिसाचं झालं का?

— होईल गं. ऑफिसवाले उशीर लावतात.

तिलाही तेच.

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा गेले. नुसता माझा पासपोर्ट घेऊन. म्हटलं, बघू, एकावर भागतं का.

नाही भागत.

— सर नाही आले?

आणि मी म्हटलं — त्यांना बरं नाही.

बरं नाही म्हटलं! माझ्याच तोंडून गेलं. श्रेया म्हणाली, अरेरे, काळजी घ्या. मग एक फॉर्म दिला. त्यांना यायला नको, ह्यावर फक्त सरांची सही आणा आणि त्यांचा पासपोर्ट. सहीच्या जागी तिने पेन्सिलीने फुली करून दिली, चुकू नये म्हणून.

येताना रस्ता ओलांडताना एका टॅक्सीवाल्याने शिवी हासडली. बरं वाटलं. कोणीतरी ओरडायलाच हवं होतं.

४ फेब्रुवारी

फॉर्म ह्यांच्या फोटोखाली ठेवला. वर पेनही ठेवलं. मूर्खपणा.

५ फेब्रुवारी

पेन उचललं. फॉर्म राहू दिला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ह्यांचा पासपोर्ट पुन्हा वाचला. आता पाठ आहे. त्यात मागे माझं नाव आहे, पत्नी म्हणून. मी कधी ह्यांचं नाव घेतलं नाही, ह्यांनीही माझं फारसं घेतलं नाही. गं, अगं, ऐकलंस का. इथे छापून दोघांची नावं, पुढे ह्यांचं, मागे माझं.

वैशालीला खरं काय ते कळलंय बहुतेक. दारात उभी राहून म्हणाली — काकी, एक सांगू? दुकानात बायका येतात, एकच साडी पाच वेळा उलगडून बघतात आणि घेत नाहीत. आम्हाला कळतं, घ्यायचीच नाहीये. बरं, येते.

एवढं बोलून गेली. भांडलीही नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

मनवा फोनवर रडली. बाप गेला तेव्हा रडली नव्हती ती मुलगी. आज डाळ उतू गेली म्हणून रडली. पुष्करने सकाळी शिजवून ठेवलेली, हिने गरम करायला ठेवली आणि ओट्यापाशी उभं राहवेना.

— आई, तू येशील ना गं? खरं सांग. तुला यायचं नसेल तर तसं सांग.

मला यायचं नसेल तर!

फोन ठेवल्यावर फॉर्म काढला आणि फाडला. दाखला, दोन्ही पासपोर्ट, सगळं पिशवीत भरून खुंटीला लावलं. उद्या रविवार. ऑफिस बंद.

१० फेब्रुवारी, सोमवार

दिले.

दाखला आधी काढून ठेवला, मग पासपोर्ट. श्रेयाने वाचलं. तारीख वाचली. उठून उभी राहिली, काचेपलीकडे. मॅडमची काकू झाली.

— काकू, पहिल्याच दिवशी सांगायचं ना! मी तुम्हाला दोनदा...

मी म्हटलं — तू ह्यांना सर म्हणत होतीस. ऐकायला बरं वाटत होतं.

मग विचारलं, शिक्का कुठे मारतात गं? फोटोवर नको मारू देऊस. ती म्हणाली, ते माझ्या हातात नाही काकू, आत जातं. पण चिठ्ठी लावते. खरंच एक पिवळी चिठ्ठी घेतली, काहीतरी लिहिलं आणि ह्यांच्या पासपोर्टात घातली.

दहा दिवस. म्हणजे चौदाचं विमान गेलं. पुष्करने तिकीट अठ्ठावीसचं करून घेतलं. मनवा म्हणाली, चालेल आई, ऑफिसवाल्यांच्या पुढे कोणाचं चालतंय!

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले.

१४ फेब्रुवारी

ह्या पानावर ह्यांचं अक्षर आहे. खाली मी काय लिहू. स्वेटर धुऊन वाळत घातला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आले. आज दहावा दिवस. सांगितल्याप्रमाणे.

ह्या वेळी आधी माझा उघडला. बाई, १९६२, सगळं बरोबर. मग ह्यांचा. बराच वेळ हातात धरून बसले. शिक्का व्हिसाच्या खालच्या कोपऱ्यात, तिरका. फोटोपासून दोन बोटं लांब. कोणीतरी जपून मारलाय. पिवळी चिठ्ठी तशीच आत होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय, अक्षरं लावून वाचलं — कृपया फोटोला लागू देऊ नये.

एवढ्याशासाठी मी इतके दिवस घालवले.

बोटांवर मोजलं. सत्तावीसला दिले असते तर सहाला मिळाले असते. चौदाला विमानात बसले असते. आज मनवाच्या ओट्यापाशी असते. ऑफिसने दहाच दिवस घेतले. चौदा मी घेतले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बॅग भरली. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा, खोबरेल, शेकायला पुरचुंडीचं फडकं. बाळंतविडा वर ठेवला, चुरगळायला नको. सहा झबली, चार दुपटी, दोन टोपडी. सगळी ह्यांच्या जुन्या सदऱ्यांची. डिसेंबरात ह्यांनीच कापड निवडलं होतं, डोळे मिटून, दोन बोटांत चोळून. हे टोचेल. हे चालेल. हे तर फारच छान, आमच्याच गिरणीचं असणार. मी म्हटलं, गिरणी बंद होऊन चाळीस वर्षं झाली. म्हणाले — कापड राहतं.

अप्पा येऊन बॅग उचलून बघून गेले. — वयनी, जाताना ही असली तर येताना कसली असात! विमान खाली बसात. अठ्ठावीसला सोडायला येणार आहेत. त्यांचा शब्द आहे.

बॅग चौकटीपाशी उभी आहे. आज भाकरी गोल झाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी पुष्करचा फोन आला. शुक्रवारी दुपारी मनवा घरात एकटी होती. पाणी तापवायला उठली. पडली. त्याला फोन लावेपर्यंत वेळ गेला. मुलगी होती. राहिली नाही. डॉक्टर म्हणाले, कोणी जवळ असतं तरी सांगता आलं नसतं. पुष्करने ते मला दोनदा सांगितलं.

मग मनवाने फोन घेतला. — आई, आता घाई नाही गं. सावकाश ये.

ते चौदा दिवस तिला सांगायचे आहेत. फोनवर नाही. समोर बसून.

दुसऱ्या दिवशी मी वैशालीला सांगून तिकीट पंचवीसचं करून घेतलं. बॅग उघडली. झबली, दुपटी, टोपडी काढून कपाटात ठेवली, ह्यांच्या पासपोर्टाशेजारी. लाडू, शेपा, तेल, शेकाचं फडकं तसंच राहू दिलं. बाळ नसलं तरी ती बाळंतीण आहे.